काचेच्या पेटीतला कॅल्क्युलेटर

मंडळी, आज आकुर्डीत आपण जुने कॅल्क्युलेटर जमवणारे भेटलो. तेव्हापासून डोकं फिरलंय.

पुनावळ्याहून एक गृहस्थ आले होते. प्रोग्राम करता येणारा जुना कॅल्क्युलेटर त्यांनी काचेच्या पेटीत आणलेला, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखा. "हात नका लावू, राव. मूळ सेलसकट आहे. एकदाही चालू केलेला नाही."

इतकी वर्षं सेल आतच? मी म्हटलं, "मागचं झाकण तरी उघडा."

उघडलं. सेल केव्हाचे पाझरले होते. आतल्या पट्ट्या गंजून हिरव्या पडल्या होत्या. यंत्र मेलेलं.

वाटलं, माणूस हळहळेल. तर म्हणतो, "असू द्या. बाहेरून नवाच दिसतो ना." आणि परत पेटीत.

माझ्या कॅल्क्युलेटरवरचा सातचा आकडा पार पुसला गेलाय. चाकणच्या कंपनीत टेपरचा, म्हणजे निमुळत्या भागाचा, कोन काढायचा प्रोग्राम मी त्यावर रोज चालवतो. तो बघून याच गृहस्थांनी नाक मुरडलं होतं. "फारच वापरलाय हो तुम्ही."

त्यांचा मात्र जन्मात दोन अधिक दोनसुद्धा न करता मेला.

ग्रुपमधल्या बाकी पेटीवाल्यांनो, तुम्ही मागचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं?