मास्तरांनी लावलेलं वय

कॅन्सरच्या ओपीडीत पुढचा पेशंट आतच स्टुलावर बसतो, म्हणून समोरचं बोलणं माझ्या कानावर आलं. डॉक्टरांपुढे बसलेल्या काकांच्या छातीला रेडिएशन देऊन दोन महिने झाले होते आणि आता कोरडा खोकला सुरू झाला होता.

"फुफ्फुसाला सूज आलीय," डॉक्टर म्हणाल्या. "वय जास्त असलं की हा त्रास वाढतो. पण तुम्ही तर बासष्ट वर्षांचेच."

"ते मास्तरांनी लावलेलं," त्यांच्या शेजारच्या काकू म्हणाल्या. "अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एक जून. यांना तर शाळेत नाव घातलं तेव्हा मिसरूड फुटलं होतं!"

काका हसले आणि हसता हसता खोकत राहिले.

शाळेने, नोकरीने, पेन्शनने ते वय मानलं होतं. फुफ्फुसाने मानलं नाही.

"मग खरं किती?"

"सांगणारं कुणी उरलं नाही," काका म्हणाले.

डॉक्टरांनी लिहिलेली पंधरा दिवसांनंतरची तारीख खोडली. "परवाच या," त्या म्हणाल्या.