बगूऽ की

पलूसकडच्या एका कॉलेजात आमी दोगं तासावरची मास्तरं. जेवडं तास घ्यायचं, तेवडाच पगार. मी नवा, आन् दुसऱ्या म्याडम माज्या लय आदीपास्नं हितं. कवठे महांकाळच्या. सगळी स्टाफरूम त्यास्नी अक्काच म्हनायची.

माजं खरं काम नकला. चष्मा कपाळावर सारायचा, नाक वडायचं, आन् प्रिन्सिपल सरांगत म्हनायचं, "बगूऽ की." कुनी रजा मागू दे न्हाईतर खुर्ची, सरांचं उत्तर त्येच. अक्का आदी दार लावून घ्यायच्या, मग पदर तोंडात कोंबून हसायच्या. "मेल्या, घास अडकंल की माजा!"

यंदा टाइमटेबल लागलं. अक्कांचा शेवटच्या वर्षाचा पेपर माज्या नावावर. त्यास्नी निम्मंच तास उरलं. मला कुनी इचारलं न्हवतं. त्यास्नीबी न्हाई.

मी केबिनमदी गेलो. "सर, ह्यो पेपर अक्कांचा हाय."

"पोरं तुझ्या तासाला बसतात. हसतात."

"व्हय सर, पर अक्का एवडी वर्षं..."

सरांनी चष्मा कपाळावर सारला. नाक वडलं. "बगूऽ की."

स्टाफरूममदी आलो. समदी जेवत व्हती. अक्कांनी इचारलं, "काय म्हनालं?"

मी सांगितलं. सवयीनं, सरांच्याच आवाजात.

कुनी हसलं न्हाई. अक्कांनी डबा झाकला. "आन् तिकडं केबिनमदी कुनाचा आवाज काडतोस रं? माजा?"

"आवं अक्का, आईशप्पत न्हाई!"

"बरं."

भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या 'बरं'ची नक्कल मला आजून जमली न्हाई.

तवापास्नं मी स्टाफरूममदी गेलो की बोलनं उसाच्या तोडीवर येतं. दार उगडंच असतं, लावायचं कारनच उरलं न्हाई. मला वाईट वाटाय पायजे. वाटत न्हाई. डबा खातो, हात धुतो, तासाला जातो.

परवा त्याच पेपरच्या तासाला एका पोरीनं इचारलं, "सर, म्याडम आमाला परत कवा शिकवनार?"

तोंड उगडलं आन् भाईर आलं, "बगूऽ की." नाकबी वडलं गेलं. नक्कल करायची न्हवती. सगळा वर्ग खदाखदा हसला.

शेजारच्या वर्गात अक्का शिकवत व्हत्या. भिंतीपल्याडचा त्येंचा आवाज मदीच थांबला.

मी फळा पुसाय घेतला. कोराच व्हता.