रेडियन सरांची सही

रेडियन सर वर्गात आले की हजेरीआधी कॅल्क्युलेटर तपासत: कोन अंशांत आहे की रेडियनमध्ये. बालाघाटच्या आमच्या कॉलेजात गणिताला दोन अतिथी विद्वान, म्हणजे सत्रापुरते बोलावलेले शिक्षक, होतो, ते आणि मी. मी त्यांचीच विद्यार्थिनी.

क्ष वर्ग बरोबर कोसाइन क्ष, असल्या समीकरणाला सूत्र नसतं. अंदाज धरायचा आणि एकेक पायरीनं सुधारत उत्तरापाशी जायचं. सर आधी दोन्ही आलेख काढायला लावत. ते छेदतात तिथं उत्तर. एखादीनं टाळलं की विचारत, "चित्र काढलं काय? नाही? मंग काहून बटनं दाबून राह्यली?"

उत्तर ०.८२४ येतं. कॅल्क्युलेटर अंशांवर राहिला तर जवळजवळ एक येतं. आकडा छान स्थिर होतो आणि साफ चुकीचा असतो. "चुकीचं उत्तरही स्थिर होते, बाई," सर म्हणायचे. "त्याले लाज नसते."

एका वर्षी विभागप्रमुखांच्या उत्तरसूचीत तेच 'जवळजवळ एक' आलं. सर आलेख घेऊन त्यांच्या खोलीत गेले. मी सोबत होते.

"साहेब, तुमचं मशीन अंशांवर होतं."

"सूची सब जाँचनेवालों में बँट चुकी है," प्रमुख म्हणाले. "आप अकेले सही हैं?"

"मी नाही. चित्र सही आहे."

बरोबर उत्तर लिहिणाऱ्यांना शून्य मिळालं. परसवाड्याहून बसनं येणारी एक मुलगी त्यात नापास झाली, ती पुन्हा आली नाही. गुणपत्रकावर सरांनी सही केली नाही. प्रमुखांनी कागद माझ्याकडे सरकवला. पुढच्या सत्राला कुणाला बोलवायचं, ते त्यांच्या हातात होतं. मी सही केली. मला बोलावलं, सरांना नाही.

सर लांजीला शिकवण्या घेऊ लागले. एकदा तिथल्या बसस्टँडवर भेटले. मी म्हटलं, "सर, मला उत्तर माहीत होतं."

"हौ, मले मालूम आहे," ते म्हणाले. "म्हणून तर तुयं वाईट वाटते." बस लागली, ते चढले. वळून पाहिलं नाही.

प्रमुख निवृत्त झाले. यंदा उत्तरसूची मी केली. कॅल्क्युलेटर तीनदा तपासला. सरांच्या जागेवर आलेल्या नव्या मुलीपुढे सूचीचा कागद तपासून सही करायला ठेवला. तिनं लगेच सही केली.

"तपासलंस का?"

"मॅडम, आपने देखा है ना," ती म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं.