कथा सुरू झाली की संबळ हळू

उद्या स्पर्धेला पाठवायची माझी पहिली शॉर्टफिल्म आज सकाळी बाबांना दाखवली. शेवटी मुलगी होस्टेलला निघते, तिथं मी व्हायोलिन भरपूर लावलं होतं.

बाबा देवीच्या गोंधळात संबळ वाजवतात. म्हणाले, "पोरगी रडायलीय का तुझं व्हायोलिन? कथा सुरू झाली की आमी संबळ हळू करतो."

मी व्हायोलिन अगदी हळू केलं अन् दुपारी आईला फिल्म दाखवली. तिनं पदरानं डोळे पुसले. मग विचारलं, "ह्यात वाजवलेलं काईच न्हाई का गं?"

बाबा गालात हसले.

घरातली पहिली पदवीधर मी, पण गुरू घरातच निघाले. संगीत मार्गदर्शक म्हणून आता त्यांचं नाव टाकतेय. ते म्हणतात, "बारीक लिही." तुम्हीच सांगा, बारीक लिहू का?