डोळे राहिलेली बाई

चितारीबाबा देवाचे डोळे सगळ्यात शेवटी काढत, तेही पट नेणारं माणूस समोर उभं असेल तेव्हाच. "तवर तो कपडा हाय," ते म्हणत. "नेनाऱ्यानं माहा देव म्हटलं, का मंग डोळे." अकोल्यात ते आमचे शेजारी. लग्नघरच्या भिंती आणि देवांचे पट रंगवणं हे त्यांचं काम. बोलणं थोडं, तेही समोरच्याच्या कपाळाकडे पाहत.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि विलायतेहून आमच्याकडच्या कापसाला मागणी आली. सरकी काढायचे रेचे दिवसभर थांबेनात. त्यावर बसणाऱ्या बायांच्या छातीत कापसाचं तूस साचे. त्या खोकत, आणि एकेक करून जात. बाबांची बायको सकू तशीच गेली. माझी आईही. तिच्या मजुरीवर मी शाळेत लागलो होतो, ती गेल्यावर शिष्यवृत्तीवर राहिलो; आमच्या घरात शिकणारा पहिला.

सकू गेल्यावर बाबांनी देव काढणं सोडलं. वर्षभरानं कापसाच्या बाजाराच्या कडेला दोरी बांधून त्यांनी आपले सात पट टांगले. असं आमच्याकडे कोणी केलेलं नव्हतं. देव असतील म्हणून लोक वहाणा काढून आले. पाहतात तर रेच्यावरच्या बाया, आणि एकीलाही डोळे नाहीत. रेचेवाल्या आडत्यानं हसत विचारलं, "काहून चितारीबाबा, देवीले दोनच हात?"

"दोनच होते तिले," बाबा म्हणाले. "म्हनून तं मेली."

मग सगळ्यांदेखत त्यांनी सकूचे डोळे काढले. "हे माही. बाकीच्या ज्याच्या असतीन त्यानं समोर यावं."

कोणी हललं नाही. आडत्या पाहत होता, आणि जमलेल्यांच्या लेकीसुना अजून त्याच्याच रेच्यांवर होत्या. मला तर तीही भीती नव्हती. माझ्यासोबत फक्त वर्गातला वकिलांचा मुलगा होता. तिसऱ्या पटावर माझी आई होती. बाबांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. मी मित्राला म्हणालो, चल, उशीर होतोय.

मुंबईच्या कॉलेजातून पहिल्या सुट्टीत घरी आलो, तेव्हा बाबांना जाऊन महिना झाला होता. त्यांच्या मुलीनं, गोदानं, सांगितलं की नंतर एकेक जण मागच्या दारानं आला, आपली बाई सांगून, डोळे काढून घेऊन गेला. "एकच राहिली, भाऊ. कोनाची ते बाबाले मालूम होतं. मी पुसलं, तं म्हने, त्यालेच म्हनू दे."

मी म्हटलं, "माही."

तो पट आता माझ्या खोलीत आहे. ही कोण, असं मित्र विचारतात. माझी आई, मी सांगतो, प्रत्येकाला सांगतो. एकानं, त्याचा हात चांगला आहे, डोळे काढून देतो म्हटलं. कसे होते, एवढं फक्त सांग. आई माझ्याकडे कशी पाहायची, ते मला आठवलं नाही.