डोळे मिटून लुना

नव्वदीच्या सुरुवातीला पारोळ्याजवळच्या शाळेत मला नोकरी लागली आणि घरची जुनी लुना माझ्या वाट्याला आली. लुना चालवता येत होती. पण शाळा हायवेपलीकडे, आणि हायवे ओलांडता येत नव्हता. ट्रक दिसला की हातपाय गार पडायचे. दोनदा उशीर झाल्यावर हेडबाई म्हणाल्या, "आता उशीर झाला, तर घरीच बसा."

सासूबाई आमच्या चर्चच्या महिला मंडळाच्या प्रमुख. म्हणाल्या, "भीती वाटली की प्रार्थना करायची. त्यात काय अवघड?"

दुसऱ्या दिवशी हायवेजवळ आले, भीती वाटली, प्रार्थना सुरू केली. आता आमच्याकडे लहानपणापासून शिकवण अशी, की प्रार्थनेला डोळे मिटायचे. मी मिटले. लुना मात्र चालूच होती. "आमेन"च्या आधीच माझं तोंड कापसाने भरलेल्या बैलगाडीत रुतलं.

गाडीवान आबा वळून म्हणाले, "बाई, डोया मिटीसन कोठे चालनी?"

"प्रार्थना करत होते, आबा."

"मंग उघडा डोयानी कर. देवले मांगे-पुढे बठ्ठं दिसस, माले मांगे दिसत नही."

केसांतला कापूस झटकला, डोळे टक्क उघडे ठेवून तीच प्रार्थना पहिल्यापासून म्हटली आणि हायवे ओलांडला. घंटेआधी शाळेत पोचले.

ती लुना भंगारात गेली, हायवेही ओळखू येऊ नये इतका रुंद झाला. पण आजही मी गाडीला किल्ली लावली, की मागे बसलेली लेक म्हणते, "आई, आधी डोळे!"