वीतभर मोठी टपरी

बाजारात दोघी जावांच्या टपऱ्या शेजारी शेजारी होत्या. थोरली कुलपं विकायची, धाकटी बटणं. गिऱ्हाइकं धाकटीकडे, गोड जीभ धाकटीकडे, आणि आता टपरीला घरी शिवलेलं कॅनव्हासचं कव्हरही धाकटीकडेच. येणारा-जाणारा त्याचं कौतुक करायचा आणि थोरलीच्या पोटात दुखायचं. तिचं सरस असं एकच होतं: तिची टपरी वीतभर मोठी होती.

मग तिनेही जाड कॅनव्हास आणला.

"ताई, शिवायच्या आधी भिजवून वाळवा हं," धाकटी म्हणाली. "कोरं कापड आटतं."

"मला नको शिकवूस," थोरली म्हणाली. मेली मुद्दाम उशीर करायला लावतेय, हे तिने केव्हाच ओळखलं होतं.

तिने कोरंच कापड बेतलं, कडा दुमडल्या, मशीनवर दुहेरी टीप मारली. कव्हर असं चपखल बसलं की धाकटीच्या डोळ्यांसमोर तिने ते उगीचच दोनदा काढून घातलं.

पुढे ते मळलं. धुऊन वाळवलं, तर एक कोपरा ओढावा तो दुसरा वर चढायचा. धाकटीने सहज ते आपल्या टपरीवर टाकून पाहिलं. चारी कोपरे माप घेऊन शिवल्यासारखे बसले.

"तुम्हाला नको असेल तर मला राहू दे, ताई. माझं धुवायला टाकलं की हे हाताशी राहील."

थोरलीने कव्हर ओढून काढलं आणि तडक घरी नेऊन उकळत्या पाण्यात घातलं. आणखी चार बोटं आटलं, की धाकटीच्या टपरीलाही बसायचं नाही.